बेलूरला छातीत दुखलं तर

बेलूर म्हटलं की वाचन असलेल्या माणसाला हुगळीकाठचा रामकृष्ण मठ आठवतो. सहलीला जाऊन आलेल्याला हासन जिल्ह्यातलं चेन्नकेशवाचं मंदिर आठवतं. ते होयसळांनी १११७ च्या सुमाराला बांधायला घेतलं आणि २०२३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिसरं बेलूर फक्त ट्रक ड्रायव्हरांना, सुटे भाग पुरवणाऱ्यांना आणि माझ्या बायकोला आठवतं. धारवाड सोडून बेळगावच्या दिशेला लागलं की महामार्गाच्या कडेला, मुम्मिगट्टीच्या अंगाला ही औद्योगिक वसाहत लागते. इथे मदनिकांची शिल्पं नाहीत. बसगाड्यांचे सांगाडे आहेत, खोदकामाची अवाढव्य यंत्रं आहेत आणि पहिल्या पाळीला अंगठा लावायला रांगेत उभी असलेली, शिल्पांइतकीच निश्चल माणसं आहेत. त्या रांगेत मी असतो. घर कोल्हापूरला, बिऱ्हाड धारवाडात, पोटापाण्याची सोय बेलुरात.

हा भूगोल एवढा फोडून सांगायचं कारण म्हणजे आमची आत्या. २०२५ च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यात चाळीसेक दिवसांत वीसहून जास्त माणसं हृदयविकाराच्या झटक्यानं गेल्याच्या बातम्या आल्या. त्यात तरुण माणसंही होती. मराठी वाहिन्यांनी त्या खालच्या पट्टीवर सरकवल्या आणि आत्याचा फोन आला.

"तू बेलूरलाच आहेस ना अजून?"

"हो."

"बेलूर हासन जिल्ह्यात येतं. मी बघितलंय."

ते बेलूर वेगळं, ते इथून तीनशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे, असं मी सांगितलं. आत्या क्षणभर थांबली. मग म्हणाली, "म्हणजे तिकडं पोचायला किती दिवस लागतील त्याला?"

हृदयविकार डोंगर उतरून, शिमोगा-हावेरी करत, हुबळीला गाडी बदलून आमच्या वसाहतीत येतोय असं चित्र एकदा आत्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिल्यावर ते पुसायची माझी काय प्राज्ञा. पण आत्या एकटी नव्हती. त्या दिवसांत बंगळूर आणि म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेपुढे धडधाकट माणसं उजाडायच्या आत तपासणीसाठी रांगा लावत होती. असंच आधीही झालं होतं. २९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार हा कन्नडिगांचा लाडका नट शेहेचाळिसाव्या वर्षी गेला, त्यानंतर आठवडाभर सबंध कर्नाटक आपापल्या छातीवर हात ठेवून बसलं होतं. हासनच्या मृत्यूंवर सरकारनं समिती नेमली. झटक्यांचं प्रमाण अचानक वाढल्याचं दिसत नाही, असं समितीनं सांगितलं. ती बातमी खालच्या पट्टीवर आली नसावी, कारण आत्यापर्यंत पोचली नाही. तिनं पुढचा प्रश्न टाकला होता आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती फोन ठेवणार नव्हती.

"तिकडं हार्टचा चांगला डॉक्टर कोण?"

आपल्या गावात हा प्रश्न पडत नाही. कोल्हापुरात कुठल्या अवयवासाठी कुठली गल्ली हे जन्मतःच ठाऊक असतं. परमुलखात मात्र माणूस घर, दूधवाला, न्हावी, गॅसची एजन्सी सगळं शोधतो आणि हृदयाचं तेवढं बाजूला ठेवतो. म्हटलं, चौकशी करू. सुरुवात ऑफिसातल्या एका कन्नड सहकाऱ्यापासून केली. "मला जरा धारवाडला डॉक्टरला दाखवायचंय," एवढंच म्हणालो. त्यानं लॅपटॉप मिटला, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घरात काही टेन्शन?" आपल्याकडे ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवायची भाषा करतात, तशी उत्तर कर्नाटकात 'धारवाडला पाठवा' म्हणतात, हे मला नंतर कळलं. इथलं मनोरुग्णालय १८४५ चं. पावणेदोनशे वर्षांत त्यानं गावाला जे नाव मिळवून दिलंय, ते धारवाडी पेढ्यालाही पुसता आलेलं नाही. हृदयासाठी दाखवायचंय म्हटल्यावर सहकाऱ्याच्या जिवात जीव आला आणि त्यानं लगेच एक नाव सुचवलं. त्या डॉक्टरांचा गुण कोणता? "भयंकर गर्दी असते. पहाटे पाचला नंबर लावावा लागतो."

चांगल्या डॉक्टरची ही पहिली खूण. पुढे जसजसा विचारत गेलो तसतशा खुणा वाढत गेल्या. पेंट शॉपचे सुपरवायझर म्हणाले की त्यांचे डॉक्टर फार चांगले, पेशंटला फाडफाड बोलतात. बिडी ओढणाऱ्या एकाला त्यांनी केबिनबाहेर काढलं होतं म्हणे, आणि तो माणूस अजून त्यांच्याकडेच जातो. आमच्या एच.आर. बाई म्हणाल्या की त्यांचे डॉक्टर फार चांगले, आवाज म्हणून चढवत नाहीत, अर्धा आजार तिथेच बरा होतो. कॅन्टीनच्या ठेकेदाराच्या मते चांगला डॉक्टर तो, जो ऑपरेशन सांगत नाही. स्टोअरमधल्या एकाचे डॉक्टर चांगले होते कारण ते त्याच्या साडूच्या गावचे. आणि एका डॉक्टरांवर सगळ्यांनी एकमुखानं काट मारली. का, तर त्यांनी एकाच्या काकांना ताबडतोब भरती व्हायला सांगितलं होतं. मंडळींनी काकांना तिथून उठवून दुसरीकडे नेलं, तिथे नुसत्या गोळ्यांवर भागलं.

"मग आता कसे आहेत काका?"

"काका गेले की. पण पैसे वाचले."

आमचे घरमालक निवृत्त प्राध्यापक. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इथल्या जुन्या पिढीचं मराठी चोख असतं. या सरांचं तर माझ्यापेक्षा चोख आहे. त्यांनी फाटकापाशी उभ्या उभ्या मला समजावलं, "हे बघा, धारवाडात डॉक्टर शोधायचा नसतो, विचारायचाही नसतो. इथे माणसं दिसत नाहीत, फक्त असतात." जी. ए. कुलकर्णी या गावात इंग्रजी शिकवत वर्षानुवर्षं राहिले आणि लोकांना टाळण्यात यशस्वी झाले, हा दाखला त्यांनी दिला. त्याचा हृदयरोगाशी संबंध काय, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण सरांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला आहे आणि तो गावात कुणालाही ठाऊक नाही, हे त्याच बोलण्यात कळलं.

हा शोध असाच रमतगमत चालू राहिला असता. त्यात एका दुपारी कॅन्टीनला गिरमिट आणि मिरची भजी होती.

गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांना कांदा-टोमॅटोचा ओला मसाला चोळून वर पुटाणीचं पीठ टाकलेलं असतं. आपल्या भडंगाचा हा कर्नाटकातला, जरा जास्त भावनाप्रधान भाऊ. सोबतची हुबळी पद्धतीची मिरची बोटभर लांब. जेवण झालं, मी लाइनवर गेलो आणि छातीच्या मध्यभागी, जरा खाली, कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं वाटायला लागलं. मी कठड्याला टेकलो. लगेच डिपार्टमेंट जमलं. भारतात छातीत दुखणाऱ्या माणसाभोवती जमलेल्या घोळक्याचं निदान काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच असतं, आणि तिथे भाषावाद आड येत नाही. "गॅस!" एकजण ओवा आणायला पळाला. एकानं सोड्याची पुडी फोडली. एकजण पाठीत गुद्दे घालू लागला. चौथ्यानं गरम पाणी सुचवलं, पाचव्यानं गार. मला ढेकर यावी म्हणून वेल्डिंगचा पक्का मराठा, बेळगावचा, माझ्यापुढे स्वतः ढेकर देऊन दाखवत होता.

तेवढ्यात गेटवरचा सिक्युरिटी हवालदार आला. मुम्मिगट्टीकडचाच माणूस, पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी. गर्दी बाजूला करत त्यानं माझ्या कपाळाला हात लावला आणि हात सगळ्यांना दाखवला. ओला होता.

"गॅसला घाम येत नाही, साहेब," तो म्हणाला. "गाडीत बसा."

डिपार्टमेंटनं विरोध नोंदवला. सोड्याला अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. मीही म्हणालो की आधी जरा चांगल्या डॉक्टरचं नाव नक्की करू, माझी चौकशी चालूच आहे. यावर हवालदारानं माझ्याकडे जे पाहिलं, ते डोळे मी जन्मात विसरणार नाही. लेट मार्क झालेल्या कामगाराकडेही तो इतक्या तुच्छतेनं बघत नाही.

गाडीत त्यानं माझ्या शेजारी बसून जे सांगितलं, ते एवढ्या दिवसांत मला एकानंही सांगितलं नव्हतं. कानडी, मराठी आणि हिंदी यांची त्यानं जी भाजी केली होती तिचं सार असं. साहेब, डॉक्टर चांगला की वाईट हे चालत्या माणसानं बघायचं. रात्रपाळीत कुणी पडला तर मी एवढंच बघतो की कॅथलॅब कुठे आहे, ती रात्री चालू असते का, आणि तिथला डॉक्टर राहतो किती लांब. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं का तेही बघतो. धारवाड-हुबळीच्या मध्ये सत्तूरला एस.डी.एम.चं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे नारायण हृदयालयवाल्यांबरोबरचं हार्ट सेंटर आहे. पुढे हुबळीला किम्स, सरकारी. उलट्या दिशेला गेलं तर बेळगावचं के.एल.ई., पण ते लांब, सत्तरऐंशी किलोमीटर. "तुमचे मराठी साहेबलोक छातीत दुखलं की बेळगावला न्या म्हणतात," तो म्हणाला, "तिथे मराठी बोलतात म्हणून. कित्तूरच्या पुढे गेल्यावर गप्प होतात."

हवालदारानं कार्डिऑलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही, पण पुस्तकात लिहिलंय ते हेच. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की स्नायू मिनिटागणिक मरायला लागतो. पेशंट दारात आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत कॅथलॅबमध्ये फुग्यानं ती वाहिनी उघडावी, हा जगभरचा दंडक. तिथवर दोन तासांत पोचता येत नसेल, तर जवळच्या ठिकाणी गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं आणि मग पुढे न्यायचं. कर्नाटक सरकारनं पुनीत राजकुमारच्याच नावानं 'हृदय ज्योती' योजना काढली, तिच्यात टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन सरकारी रुग्णालयांत फुकट मिळतं आणि तालुक्यातला ई.सी.जी. मोठ्या केंद्रात वाचला जातो. म्हणजे झटका आलेल्या माणसाला देशातल्या सगळ्यात नामांकित तज्ज्ञाचा तितका उपयोग नाही, जितका उपयोग मधल्या गावात जागा असलेल्या एका साध्या एम.बी.बी.एस.चा आहे. हे आत्याला पटवून बघा.

(हुबळी आणि धारवाडच्या बाहेरून एक बायपास जातो. त्यावरून आणि हृदयाच्या बायपासवरून जो विनोद तुमच्या मनात आलाय तो इथल्या प्रत्येक कार्डिऑलॉजिस्टनं प्रत्येक पेशंटकडून ऐकलेला आहे. म्हणून मी तो करत नाही. आमच्या ड्रायव्हरनं केला.)

ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे ई.सी.जी. निघाला, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं. निष्कर्ष: गॅस.

डिपार्टमेंटला हे कळल्यावर जो जल्लोष झाला, तो माझ्या प्रकृतीसाठी होता असं समजण्याइतका मी भाबडा नाही. सोड्याची पुडी फोडणारा तर दुसऱ्या दिवशी छाती काढून फिरत होता. हवालदार मात्र बधला नाही. "ई.सी.जी.नं गॅस ठरवला ना? मग बरोबर. तुम्ही भज्यानं ठरवत होता." आणि वैद्यकशास्त्र पुन्हा त्याच्याच बाजूला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटात मळमळल्यासारखा, जळजळल्यासारखा येऊ शकतो. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर छातीत दुखण्याचा पत्ताच नसेल, नुसती धाप किंवा विचित्र थकवा. नुसत्या ढेकरेवरून गॅस आणि झटका यांत फरक करणारा माणूस अजून जन्माला यायचाय, मग तो कितीही चांगल्या घरात वाढलेला असो.

बायकोनं ई.सी.जी.चा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. लेडनच्या आइनथोव्हेन नावाच्या ज्या शास्त्रज्ञानं हे यंत्र घडवलं, तो पेशंटचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून आलेख काढायचा. १९०५ साली त्यानं रुग्णालयातल्या माणसाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. आपला आलेख तारेवरून गेला तर पलीकडे तज्ज्ञ बसलेला असेल, असं त्या भल्या माणसानं गृहीत धरलं होतं. आमच्या ग्रुपवर शेअर बाजारातले मामा होते. त्यांनी पाच मिनिटांत कळवलं, "ट्रेंड चांगला आहे. मधे जरा करेक्शन दिसतंय." वहिनींनी हात जोडले. एका भाच्यानं चुकून वाढदिवसाचा केक पाठवला.

मग परदेशस्थ मंडळी उठली. लीड्सच्या चुलतभावानं लिहिलं की तुमचं बरं आहे, उठलात की थेट कार्डिऑलॉजिस्टकडे. आमच्याकडे आधी जी.पी.ला गाठायचं, त्याला वाटलं तर तो चिठ्ठी देणार, मग सरकारी वचन अठरा आठवड्यांचं, तेही पाळलं गेलं तर. तिथे 'चांगला कोण' हा प्रश्नच संपतो, जो मिळेल तो देव. मात्र खरा झटका आला तर ॲम्ब्युलन्स थेट कॅथलॅबवर नेते आणि बिल येत नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे जोडलं. न्यू जर्सीच्या बहिणीचं दुखणं निराळं. तिच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्या होत्या. त्यांची छाती भरून आल्यावर घरातल्या इंजिनिअर मुलानं आधी विम्याचं बत्तीस पानी पत्रक काढलं आणि बी.पी.च्या गोळ्या 'आधीपासूनचा आजार' ठरतात की काय, हे तो शोधत बसला. सासूबाई सोफ्यावरून विचारत होत्या, "सापडलं का रे?" अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, पैसे असोत-नसोत, आधी तपासून स्थिर करायचंच. बिल नंतर येतं, आणि ते वाचताना खरा झटका येतो असं बहिणीचं म्हणणं. सासूबाई पुण्याला परतल्यावर सांगत फिरल्या की तिकडचे डॉक्टर काही चांगले नाहीत, एकानंसुद्धा जीभ बघितली नाही.

परमुलखात माणूस आजारी पडणार, हे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रवाशांना परक्या देशात भाषा समजणारा विश्वासू डॉक्टर मिळावा म्हणून १९६० साली एक आंतरराष्ट्रीय संस्थाच निघाली, ती अजून चालते. आमच्या वसाहतीत मार्कोपोलोच्या नावाच्या बसगाड्या बनायच्या. त्या नावाचा मूळ गृहस्थ १२७१ ला व्हेनिसहून निघाला तो १२९५ ला परतला. चोवीस वर्षं परदेशात, आणि ना विमा, ना पूर्वीचे रिपोर्ट. त्यानं चीनमध्ये कुणाला विचारलं असेल की इथे हार्टचा चांगला वैद्य कोण? आणि कुबलाईखानाच्या दरबारातल्या कुणीतरी नक्कीच सांगितलं असेल की अमुक एक आहे, पण पहाटे पाचला नंबर लावावा लागतो.

इकडच्या प्रवासाला तर दिशाच उलटी होती. अमेरिकेतून आलेल्या विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं आणि तेव्हापासून धारवाड-विजापूरकडची माणसं गाडी पकडून मिरजेला येत राहिली. मिरजेच्या डॉक्टरांनाच काय, तिथल्या औषधवाल्यांना आणि लॉजवाल्यांनाही कानडी येतं ते त्यामुळे. सव्वाशे वर्षं कन्नडिग छाती धरून महाराष्ट्रात येत होते. आता कोल्हापूरचा एकजण छाती धरून धारवाडात हिंडत होता, यात मला तरी हिशेब पुरा झाल्यासारखा वाटतो. दोन्ही सरकारांना मात्र असल्या हिशेबात गोडी नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली तर केवढा गदारोळ झाला. कर्नाटक म्हणालं, आमच्या हद्दीतल्या माणसाचं हृदय आम्ही बघू. त्या गावांत बेलूर नव्हतं, त्यामुळे माझं हृदय वादाबाहेर राहिलं.

हॉस्पिटलनं सोडताना सांगितलं होतं की सावकाशीनं एकदा ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. ठरलेल्या दिवशी गेलो. तंत्रज्ञानं छातीवरच्या निवडक जागा रेझरनं भादरल्या. जिथे तारा लावायच्या तेवढंच साफ, बाकीचं तसंच. उसाच्या फडात पायवाटा पाडाव्यात तशी माझी छाती दिसू लागली. बूट आणले नव्हते, म्हणून त्यांच्याकडचे कुणाचे तरी कॅनव्हासचे दिले. कमरेला यंत्र बांधलं. पट्टा सुरू झाला. या तपासणीची पद्धत अशी की सुरुवात देवळाला प्रदक्षिणा घालायच्या वेगानं होते, पण चढ दहा टक्के असतो. आणि दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही वाढतो. पहिल्या टप्प्याला मी तंत्रज्ञाला माझ्या शाळेतल्या कबड्डीबद्दल सांगितलं. दुसऱ्या टप्प्याला ज्योतिबाचा डोंगर किती वेळा पायी चढलोय ते सांगायला घेतलं. तिसऱ्या टप्प्यात ज्योतिबा अर्ध्यावरच राहिला. चौथ्याला तंत्रज्ञानं विचारलं, "थांबवू का?" समोर काचेपलीकडे बायको आणि घरमालक सर उभे होते. मराठी माणूस अशा वेळी नाही म्हणतो. मी मानेनं नाही म्हटलं, बोलायला हवा शिल्लक नव्हती. पाठोपाठ मशीन थांबलं. तंत्रज्ञानं स्वतःच बटण दाबलं होतं. "हार्ट रेट पोचला," तो म्हणाला, आणि चहा प्यायला निघून गेला.

रिपोर्ट वाचणारे डॉक्टर वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांच्याबद्दल मी जी माहिती काढली होती ती अशी: गर्दी बेताची, आवाज मध्यम, ऑपरेशन सांगतातही आणि नाहीही. म्हणजे गुणपत्रिकेत एकही विषय धड नाही. पण एका संध्याकाळी लाइन बाजारात पेढ्याच्या रांगेत ते मला माझ्यापुढे उभे असलेले दिसले होते, अर्धा किलो घेताना, आणि तेव्हापासून माझं मन त्यांच्याकडे झुकलं होतं. त्यांनी कागद पुढे-मागे केले. "काही नाही," म्हणाले, स्वच्छ मराठीत. शिक्षण मिरजेचं, म्हणून मराठी. कोलेस्टेरॉल जरा काठावर आहे, चालत जा, मीठ कमी, भजी महिन्यातून एकदा. पेढ्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

मी धीर करून विचारलं की पुढेमागे स्टेंटची वेळ आलीच तर खर्च किती. आमच्याकडे हा प्रश्न निरोगी माणूसच जास्त विचारतो. ते म्हणाले की २०१७ मध्ये सरकारनं औषधी लेपाच्या स्टेंटला एकोणतीस हजार सहाशेची कमाल मर्यादा घातली तेव्हापासून भाव आवाक्यात आले, पुढे थोडेफार वाढले तेवढेच. "पण गंमत सांगतो. आधी लाखाचा होता तेव्हा लोक म्हणायचे स्वस्तातला नाही का? आता म्हणतात एवढा स्वस्त? भारीतला टाका."

मी उठलो. दरवाज्यापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी थांबवलं.

"तुम्ही मूळचे कुठले? कोल्हापूर? पुण्यात कुणी ओळखीचं आहे?"

सगळेच नातेवाईक पुण्यात, म्हटलं.

"मुलगी शिकायला गेलीय तिथे. कोथरूडला राहते. परवा म्हणत होती धडधडतंय म्हणून. परीक्षेमुळेच असणार, पण..." त्यांनी चष्मा काढला. "तिकडे हार्टचा कुणी चांगला डॉक्टर माहीत आहे का?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. आणि जिना उतरायच्या आत आत्याला फोन लावला. तिनं नाव लगेच दिलं. फार चांगला आहे म्हणाली, फाडफाड बोलतो, आणि तिच्या नणंदेच्या गावचा आहे.